एक्सपोर्ट मध्येच कोसळतो? कोडेकच्या भांडणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई सुरू झाली की मला येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "दादा, एडिट सगळं झालंय, फक्त एक्सपोर्ट होत नाहीये." 'फक्त' या शब्दामागे दोन रात्रींचं जागरण असतं. मी एडिटिंगचे कॉम्प्युटर जुळवून देतो आणि बिघडले की बघतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. एक्सपोर्ट म्हणजे एडिटमधून शेवटची फाइल बाहेर काढणं, आणि कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची आणि परत उलगडण्याची पद्धत, एवढं आधी लक्षात ठेवा. आपल्याकडचे बहुतेक स्टुडिओ विंडोजवर चालतात, त्यामुळे बोलणं मुख्यतः विंडोजचं आहे. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी पुढे थोडं आहेच.

टाइमलाइनवर सगळं झकास चालतं. मग एक्सपोर्टलाच का कोसळतं?

कारण टाइमलाइन तुम्हाला सवलत देत असते. प्लेबॅक अर्ध्या किंवा पाव रिझोल्यूशनवर चालतो, मशीन मागे पडलं की मधल्या फ्रेम गाळल्या जातात, आणि एखादी फ्रेम उलगडली नाही तर आधीचीच फ्रेम क्षणभर दिसत राहते. तुमच्या डोळ्याला काही कळत नाही.

एक्सपोर्ट म्हणजे शाळेतली हजेरी. प्रत्येक फ्रेमचं नाव पुकारलं जातं आणि तिला पूर्ण रिझोल्यूशनमध्ये 'हजर' म्हणावं लागतं. २५ फ्रेमच्या हिशेबाने दीड तासाच्या व्हिडिओत १,३५,००० फ्रेम होतात. त्यातली एक जरी उलगडली नाही तरी काम थांबतं. शिवाय त्याच वेळी एका बाजूला जुन्या क्लिप उलगडणं आणि दुसऱ्या बाजूला नवी फाइल बांधणं, अशी दोन्ही कामं एकाच ग्राफिक्स कार्डावर आणि एकाच मेमरीत चाललेली असतात.

म्हणून माझा पहिला संशय नेहमी आत येणाऱ्या क्लिपवर असतो. बहुतेक जण मात्र एक्सपोर्टचा फॉरमॅट बदलत बसतात. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

कोडेक आणि एमपी४ यांत फरक काय?

एमपी४, एमओव्ही, एव्हीआय, एमकेव्ही हे डबे आहेत. आत भाजी, म्हणजे कोडेक, कोणता आहे ते डब्यावरून कळत नाही. एकाच एमपी४ डब्यात २००३ सालचा एच.२६४ असू शकतो, २०१३ चा एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी असू शकतो, किंवा २०१८ मध्ये आलेला एव्ही१. एमओव्हीमध्ये तर प्रोरेसपासून तीस वर्षांहून जुन्या ॲनिमेशन कोडेकपर्यंत काहीही सापडतं. 'माझ्या सगळ्या फाइल एमपी४च आहेत' या वाक्याने त्यामुळे निदानाला काडीचीही मदत होत नाही.

मग 'कॉन्फ्लिक्ट' म्हणजे नक्की कोण कोणाशी भांडतं?

हा प्रश्न नीट समजून घेतला तर पुढची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

विंडोजमध्ये व्हिडिओ उलगडण्याच्या तीन पिढ्या एकाच घरात नांदतात. सगळ्यात थोरली १९९२ ची 'व्हिडिओ फॉर विंडोज'. एव्हीआय फाइल तिच्या अखत्यारीत. फाइलच्या सुरुवातीला चार अक्षरांचा एक कोड असतो, त्यावरून कोणता कोडेक बोलवायचा ते ठरतं. मधली पिढी 'डायरेक्टशो'. इथे प्रत्येक कोडेकचा एक फिल्टर असतो आणि त्याला एक आकडा चिकटवलेला असतो, त्याचं नावच 'मेरिट'. फाइल आली की ज्याचं मेरिट जास्त, त्याला काम मिळतं. धाकटी पिढी व्हिस्टापासून आलेली 'मीडिया फाउंडेशन'.

आता एखादा कोडेक पॅक, म्हणजे अनेक कोडेकांचा एकत्र गठ्ठा, येतो आणि आपल्या फिल्टरांचं मेरिट वर चढवून ठेवतो. प्लेअरला त्याने काही बिघडत नाही. पण एडिटिंग सॉफ्टवेअरने सिस्टिमला विचारलं की 'ही फाइल कोण उलगडणार?', तर पुढे येतो तो हा परका गडी. फ्रेम-फ्रेम मागेपुढे उडी मारायची, आठ क्लिप एकाच वेळी उघड्या ठेवायच्या, असल्या कामासाठी तो घडवलेलाच नसतो. त्यातून तो वेगळ्या खोलीत बसून काम करत नाही. तो सॉफ्टवेअरच्याच मेमरीत येऊन बसतो, आणि तो अडखळला की सॉफ्टवेअरला घेऊनच पडतो. एरर न देता खिडकी एकदम गायब होते ती बऱ्याचदा यामुळे.

प्रीमियर, रिझॉल्व्ह यांसारखी एडिटिंग सॉफ्टवेअर एच.२६४सारख्या नेहमीच्या फॉरमॅटसाठी स्वतःचे डिकोडर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारे भाग, बाळगतात. ती सिस्टिमच्या दारात जातात ती मुख्यतः जुन्या एव्हीआयसाठी किंवा एखाद्या विचित्र फाइलसाठी. त्यामुळे फक्त एका जुन्या क्लिपपायी सगळा प्रोजेक्ट कोसळू शकतो.

दुसरं भांडण ३२-बिट आणि ६४-बिटचं. ६४-बिट सॉफ्टवेअरला ३२-बिट कोडेक दिसतच नाही. प्रीमियर २०१० च्या सीएस५पासून फक्त ६४-बिट आहे. 'कोडेक टाकलाय, तरी फाइल ऑफलाइन दाखवतं' या तक्रारीचं हे जुनं कारण.

तिसरं भांडण ग्राफिक्स कार्डाचा हार्डवेअर डिकोडर आणि त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) यांचं. अलीकडे मला सगळ्यात जास्त हेच दिसतं, त्याच्याकडे पुढे येतो.

व्हीएलसीमध्ये ती क्लिप मस्त चालते. मग क्लिप खराब कशी?

व्हीएलसी आपले कोडेक स्वतःच्या पोटात घेऊन फिरतं आणि तुटक्या फाइलशी फार उदारपणे वागतं. त्याच्यात क्लिप चालली याचा अर्थ ती बघण्याजोगी आहे, एवढाच. तिच्यावर तीन लेयर, कलर करेक्शन आणि स्लो मोशन टाकून प्रत्येक फ्रेम मोजून मागता येईल, याची ती हमी नव्हे.

एखादा मोठा कोडेक पॅक टाकून दिला तर सुटेल का?

नाही. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

सगळ्यात आधी काय करू?

पुन्हा एक्सपोर्ट लावा आणि या वेळी कागदावर लिहा : कुठे थांबलं? टक्के लिहू नका, टाइमकोड म्हणजे टाइमलाइनवरची नेमकी वेळ लिहा. प्रीमियर अनेकदा एररमध्येच टाइमकोड देतं, रिझॉल्व्ह फ्रेमचा आकडा देतं. खिडकीच गायब होत असेल तर मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढत बसा. मग तिसऱ्यांदा तेच करा.

दर वेळी त्याच जागी कोसळत असेल तर बातमी चांगली आहे : दोष त्या जागेतल्या कुठल्या तरी वस्तूत आहे. क्लिप, इफेक्ट, टायटल किंवा ट्रान्झिशन. दर वेळी वेगळ्या जागी कोसळत असेल तर क्लिपांना त्रास देऊ नका. ड्रायव्हर, मेमरी, उष्णता आणि वीज यांकडे वळा.

जागा कळत नसेल तर टाइमलाइनचे दोन भाग करा. इन आणि आउट लावून पहिला अर्धा भाग एक्सपोर्ट करा. झाला, तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. मग त्याचे दोन भाग. तासाभराच्या टाइमलाइनवर सहा वेळा हे केलं की संशयित जागा मिनिटापेक्षाही कमी उरते. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण रात्रभर वीस सेटिंग बदलून बघण्यापेक्षा यात कमी वेळ जातो.

जागा सापडली की तिथल्या क्लिपचे सगळे इफेक्ट काढून एक्सपोर्ट करा. झाला, तर क्लिप निर्दोष आहे, इफेक्ट धरा. तरीही कोसळला, तर ती क्लिपच.

क्लिप सापडली. आता तिच्यात काय बिघडलंय ते कसं बघू?

मीडियाइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या आणि क्लिप त्यावर टाका. ते बरंच काही छापतं, पण मी चारच ओळी वाचतो.

पहिली 'फॉरमॅट' : एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५. दुसरी 'फ्रेम रेट मोड' : 'कॉन्स्टंट' असेल तर ठीक, 'व्हेरिएबल' असेल तर चोर सापडण्याची शक्यता बरीच. तिसरी 'क्रोमा सबसॅम्पलिंग' (रंगाची माहिती किती दाट साठवली आहे) आणि तिच्याजवळची 'बिट डेप्थ' (रंगांच्या छटा किती बारीक आहेत) : ४:२:० आणि ८ बिट हा साधा मामला, ४:२:२ आणि १० बिट असेल तर हार्डवेअरचा प्रश्न उभा राहतो. चौथी ओळ 'रायटिंग ॲप्लिकेशन' : फाइल शेवटची कुणाच्या हातून गेली ते तिथे लिहिलेलं असतं. एका गिऱ्हाइकाने 'कॅमेऱ्यातली मूळ क्लिप' म्हणून दिलेली फाइल प्रत्यक्षात कुठल्याशा ऑनलाइन कन्व्हर्टरमधून फिरून आली होती, ते या ओळीनेच सांगितलं.

'व्हेरिएबल फ्रेम रेट' एवढा त्रासदायक का?

कॅमेरा दर सेकंदाला ठरलेल्या फ्रेम देतो. मोबाइल मात्र उजेड कमी झाला, तो तापला किंवा दमला की कधी ३०, कधी २७, कधी २४ असं देत राहतो. काही सॉफ्टवेअरने केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंगही कधी कधी असंच निघतं. प्लेअरला प्रत्येक फ्रेमवर लिहिलेली वेळ वाचून चालवता येतं. एडिटिंग सॉफ्टवेअरला मात्र 'अमुक फ्रेम नेमकी कुठे आहे' हे क्षणात सांगावं लागतं, आणि मोजपट्टीवरच्या खुणाच असमान असतील तर अंदाज चुकतो. मग आधी आवाज आणि ओठ यांची फारकत होते, आणि कधी कधी एक्सपोर्ट कोसळतो.

लग्नाच्या कामात हे हमखास येतं, कारण हळदीची निम्मी क्लिप मावशी-काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली असते. व्हॉट्सॲपने ती आधीच दाबून बारीक केलेली असते. शक्य असेल तर मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नसेल तर टाइमलाइनवर घेण्याआधी हँडब्रेक या रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा : व्हिडिओच्या पानावर प्रोजेक्टचाच फ्रेम रेट निवडा आणि शेजारी 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'वर खूण करा. आपल्याकडे कॅमेऱ्याचं काम बहुधा २५ वर असतं आणि मोबाइलचं ३० वर, तेव्हा हालचालीत किंचित झटका दिसेल. तो सोसायचा.

क्लिप कशात रूपांतर करून घेऊ?

हँडब्रेक एच.२६४ किंवा एच.२६५सारखे दाबलेले फॉरमॅट देतं. छोट्या मोबाइल क्लिपांना ते पुरतं. महत्त्वाच्या क्लिपांसाठी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर वापरा. हे दोन्ही एडिटिंगसाठीच घडवलेत : प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते, आधीच्या फ्रेमवर अवलंबून नसते. शटर एन्कोडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही मिळतात.

डीएनएक्सएचआर घेताना एक खाच आहे. 'एचक्यू' हा प्रकार ८ बिटचा, १० बिटसाठी 'एचक्यूएक्स' घ्यावा लागतो. नाव जवळजवळ सारखं, पण चूक केलीत तर लॉगमध्ये (म्हणजे मुद्दाम फिक्या ठेवलेल्या रंगांत) शूट केलेल्या आभाळात ग्रेडिंगनंतर, म्हणजे रंग चढवल्यावर, पट्टे दिसतील.

जागेची तयारी ठेवा. फुल एचडी, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ असेल तर तासाला साधारण ५५ जीबी. तेच यूएचडी म्हणजे ४के असेल तर तासाला २२१ जीबी. म्हणून सगळं फुटेज बदलू नका, फक्त भांडखोर क्लिप बदला. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून 'रेंडर अँड रिप्लेस', रिझॉल्व्हमध्ये 'रेंडर इन प्लेस', फायनल कटमध्ये 'ऑप्टिमाइज्ड मीडिया' : टाइमलाइन न उसवता काम होतं.

हार्डवेअर एन्कोडिंग बंद करायला सगळे सांगतात. करू का?

करा, पण चाचणी म्हणून. बंद केल्यावर एक्सपोर्ट झाला तर दोष ग्राफिक्सच्या बाजूला आहे एवढं कळलं. तो कायमचा इलाज नव्हे, कारण वेळ कितीतरी पट वाढतो.

इथे एक गफलत सर्रास होते. हार्डवेअरची बटणं एक नसून तीन आहेत : क्लिप उलगडण्याचं डिकोडिंग, इफेक्ट काढण्याचं रेंडरिंग, आणि फाइल बांधण्याचं एन्कोडिंग. प्रीमियरमध्ये डिकोडिंग प्रेफरन्सेसच्या 'मीडिया'मध्ये सापडतं, रेंडरर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये, आणि एन्कोडिंग एक्सपोर्टच्या खिडकीत. लोक तिसरं बंद करतात आणि 'काही फरक पडला नाही' म्हणतात. पहिलं एकदा बंद करून बघा. एकेक करून तिन्ही बंद करा आणि कशाने फरक पडला ते लिहून ठेवा.

खरा तिढा ४:२:२ चा आहे. २०२० च्या आसपास आलेल्या अनेक कॅमेऱ्यांनी एच.२६५मध्ये १० बिट ४:२:२ द्यायला सुरुवात केली. चित्र सुंदर, पण एनव्हीडियाच्या कार्डांना ते हार्डवेअरमध्ये उलगडता येऊ लागलं थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. त्याआधीचं महागडं कार्डही या फाइलपुढे हात टेकतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरातल्या अंगच्या ग्राफिक्सला, म्हणजे क्विक सिंकला, ११ व्या पिढीपासून ते जमतं. म्हणून एडिटिंगसाठी इंटेल घेत असाल तर नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर घेऊ नका. तो थोडा स्वस्त असतो, कारण त्यात ते ग्राफिक्सच नसतं. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ते चालू आहे का ते बघा. वेगळं कार्ड लावलं की पुष्कळदा ते आपोआप बंद होतं.

आणखी दोन मर्यादा, त्यांना लोक उगाच कोडेकचा बिघाड समजतात. एनव्हीडियाचा हार्डवेअर एन्कोडर एच.२६४मध्ये ४०९६ पिक्सेलपेक्षा रुंद चित्र बांधत नाही. ३६० अंशांच्या ५.७के फुटेजला एच.२६५ घ्या. आणि रील्ससाठी हाताने आकडे टाकताना लांबी-रुंदी सम संख्येतच ठेवा. ४:२:० मध्ये रंगाची माहिती दोन-दोन पिक्सेलच्या जोड्यांनी साठवली जाते, १३५१ सारखा विषम आकडा तिथे बसत नाही.

ड्रायव्हर कोणता ठेवू?

एनव्हीडियाचा 'स्टुडिओ' ड्रायव्हर, 'गेम रेडी' नाही. ड्रायव्हर बदलताना 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर खूण करा. नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल तर मागच्या आवृत्तीवर जा, त्यात कमीपणा नाही. आणि चालू प्रोजेक्टच्या मधोमध ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर अपडेट करू नका. हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी मुहूर्ताच्या आदल्या दिवशीच अपडेट करतं.

खिडकी काहीही न सांगता बंद होते. कारण कुठे कळेल?

विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये. 'विंडोज लॉग्ज', मग 'ॲप्लिकेशन', आणि कोसळण्याच्या वेळेची लाल खूण. उघडल्यावर 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' ही ओळ शोधा. तीच साक्षीदार.

फाइलचं एक्स्टेन्शन 'एएक्स' असेल तर तो डायरेक्टशो फिल्टर, म्हणजे बहुधा कोडेक पॅकचा पाहुणा. नाव 'एनव्ही'ने सुरू होत असेल तर एनव्हीडियाचा ड्रायव्हर, 'आयजीडी'ने सुरू होत असेल तर इंटेल ग्राफिक्सचा. 'एनटीडीएलएल' किंवा 'कर्नेलबेस' दिसलं तर लगेच विंडोजला दोष देऊ नका. ती सगळ्यांच्याच वाटेत येतात. दुसऱ्याने केलेली घाण त्यांच्या अंगणात सापडते एवढंच. 'सी००००००५' हा एक्सेप्शन कोड म्हणजे कुणीतरी आपली नसलेली मेमरी उघडायला गेलं.

'सिस्टिम' लॉगमध्येही डोकावा. तिथे ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर थिजला आणि विंडोजने त्याला पुन्हा उभं केलं. विंडोज ग्राफिक्स कार्डाला मुळात दोनच सेकंद मुदत देतं. त्यात उत्तर आलं नाही की ड्रायव्हर पाडून परत चालू केला जातो, आणि तुमचा एक्सपोर्ट तेवढ्यात गेलेला असतो.

कोडेक पॅक काढून टाकायचाय. कसा काढू?

आधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीला नेता येईल. मग पॅकच्या स्वतःच्या अनइन्स्टॉलरने काढा, फोल्डर हाताने उडवू नका. नाहीतर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नाव राहतं आणि घरात माणूस नसतो. दोन-तीन पॅक असतील तर शेवटी टाकलेला आधी काढा. मशीन बंद करून चालू करा, मग एडिटिंग सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करा, म्हणजे त्याच्या फाइल आणि नोंदी जागेवर येतील. त्यानंतर मीडिया कॅश आणि जुन्या प्रिव्ह्यू फाइल साफ करा. ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि जुन्या कोडेकने बांधलेले प्रिव्ह्यू नव्या एक्सपोर्टमध्ये पुन्हा ओढले जातात. एक्सपोर्टच्या खिडकीतलं 'यूज प्रिव्ह्यूज' तूर्त बंदच ठेवा.

युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट : तिथे विंडोजची 'एन' आवृत्ती मिळते, तिच्यात मीडियाचे भाग मुळातच काढून टाकलेले असतात. सॉफ्टवेअर सुरूच होत नसेल किंवा व्हिडिओ इंपोर्टलाच अडत असेल तर आधी 'मीडिया फीचर पॅक' घाला. नावात पॅक असलं तरी तो मायक्रोसॉफ्टचाच आहे, त्याला घाबरू नका.

दहा वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट उघडलाय. क्विकटाइम टाकू का?

क्विकटाइम म्हणजे ॲपलचं व्हिडिओ चालवणारं जुनं सॉफ्टवेअर. विंडोजवर ते नको. ॲपलने विंडोजसाठीच्या क्विकटाइमचा सांभाळ २०१६ मध्ये सोडला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यातल्या सुरक्षेच्या दोन भगदाडांमुळे अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेने ते काढून टाका असं जाहीर सांगितलं. पुढे २०१८ मध्ये प्रीमियरने क्विकटाइमच्या जमान्यातल्या जुन्या कोडेकांचा आधार काढून घेतला. आपल्याकडे लग्नाच्या स्टुडिओंत एडियस हे एडिटिंग सॉफ्टवेअर अजून भरपूर चालतं, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांना क्विकटाइम लागायचं. त्यामुळे अनेक मशीनवर ते आजही पडून आहे, कशासाठी ते मालकालाही आठवत नाही.

जुन्या क्लिप शटर एन्कोडरमधून प्रोरेसमध्ये काढून घ्या. त्यामागचं एफएफएमपेग हे इंजिन जुने कोडेक सहसा वाचतं, त्याला क्विकटाइम लागत नाही. प्रोरेससाठी आता मॅक हवाच असंही राहिलेलं नाही. २०१८ च्या अखेरीपासून विंडोजवरचं प्रीमियरही प्रोरेस बांधतं.

मॅकवर हे होतं का?

कमी, पण होतं. २०१९ च्या कॅटालिनाने ३२-बिट सॉफ्टवेअर बंद केलं, त्याबरोबर क्विकटाइम ७ आणि त्याच्यावर जगणारे जुने कोडेक गेले. ॲपलचं 'प्रो व्हिडिओ फॉरमॅट्स'चं अपडेट घातलेलं आहे का ते बघा.

लिनक्सवर रिझॉल्व्हमध्ये क्लिपचं चित्रच येत नाही.

फुकटची आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ उलगडत नाही. विकतची घेतलीत तरी एएसी आवाज चालत नाही, तो डब्ल्यूएव्हीत बदलून घ्यावा लागतो. हे भांडण नव्हे, परवान्यांचा मामला आहे. तिथे बिघाड शोधत बसू नका.

फाइलची नावं मराठीत ठेवली तर चालतं का?

मुख्य सॉफ्टवेअरला चालतं. अडतात ते जुने प्लगइन आणि फिल्टर, ज्यांना रोमन अक्षरांपलीकडचं जग माहीत नाही. 'सप्तपदी अंतिम' नावाचं फोल्डर त्यांना प्रश्नचिन्हांची माळ दिसते आणि फाइल सापडत नाही. विंडोजचं यूजरनेमच देवनागरीत असेल तर हे आणखी अवघड, कारण तात्पुरत्या फाइल त्याच वाटेने जातात. मराठी टायटल खुशाल करा, पण कामाच्या फोल्डरांची नावं रोमन लिपीत आणि छोटी ठेवा. मला स्वतःला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

दर वेळी ४ जीबीला थांबतं.

पेनड्राइव्ह किंवा डिस्क एफएटी३२ आहे. तिच्यावर त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही. एक्सएफएटी किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, आतला माल आधी दुसरीकडे हलवून.

दर वेळी वेगळ्या जागी कोसळतं, कधी मशीनच रीस्टार्ट होतं.

कोडेकला सोडा. एक्सपोर्ट म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तासभर पूर्ण जोरात. मे महिन्यात विदर्भातल्या पत्र्याच्या खोलीत ते मशीन काय सोसत असेल याचा विचार करा. कॅबिनेट उघडून धूळ काढा, पंखे फिरतात का बघा, तापमान मोजणारं एखादं सॉफ्टवेअर लावून ठेवा. पॉवर सप्लाय कार्डाला पुरेसा आहे का, यूपीएस तेवढा भार उचलतो का, हेही बघा. बॅटरी म्हातारी झालेला यूपीएस व्होल्टेज घसरलं की नेमका एक्सपोर्टच्याच वेळी दगा देतो. रॅमची चाचणी रात्रभर लावा.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर एक गोष्ट खास. त्यांतल्या काहींमध्ये व्होल्टेजशी संबंधित अस्थिरतेचा दोष असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ती दुरुस्ती बायोस अपडेटमधून येते. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर तिने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. तेव्हा बिल शोधून ठेवा.

उद्या सकाळी डिलिव्हरी आहे. हे सगळं करायला वेळ नाही.

ठीक आहे, मग शोध नंतर. टाइमलाइन दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये काढा. एडियसवाल्यांनी एडियस बनवणाऱ्या ग्रास व्हॅलीचा स्वतःचा एचक्यूएक्स कोडेक घ्या. जो तुकडा अडेल तो आणखी लहान करा. अडणारी क्लिप व्हीएलसीत चालत असेल तर हँडब्रेकमधून काढून तिच्या जागी बसवा. मग नव्या, रिकाम्या प्रोजेक्टमध्ये सगळे तुकडे ओळीने जोडा आणि त्याचा एच.२६४ काढा. या प्रोजेक्टमध्ये ना इफेक्ट, ना भांडखोर क्लिप, त्यामुळे तो बहुधा सरळ पार पडतो. तुकडे कापताना गाण्याच्या मधोमध कापू नका, शांत जागा बघा.

रिझॉल्व्हमध्ये, फ्रेम उलगडली नाही तर रेंडर थांबवावं असं सांगणारी खूण यूजर प्रेफरन्सेसमध्ये आहे. ती काढली तर रेंडर पुढे सरकतं, पण त्या जागी 'मीडिया ऑफलाइन'चा लाल फलक येतो. नेमका मंगलाष्टकांत आलेला मी पाहिलाय. म्हणून ती खूण काढलीत तर पूर्ण फाइल डोळ्यांनी बघितल्याशिवाय देऊ नका.

तेही जमलं नाही तर अडलेला तुकडा टिफ चित्रांची माळ म्हणून काढा आणि आवाज वेगळा डब्ल्यूएव्ही. कोसळलं तरी तोवर निघालेल्या फ्रेम डिस्कवर राहतात, पुढच्या फ्रेमपासून परत सुरू करता येतं.

एवढं करूनही सुटलं नाही. मदत मागताना काय पाठवू?

टाइमकोड, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदीचा मजकूर, अडणाऱ्या क्लिपचा मीडियाइन्फोचा मजकूर, सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर यांची आवृत्ती. 'लेटेस्ट' असं लिहू नका, आकडा लिहा. शिवाय ती क्लिप, किंवा तिचा अडणारा तुकडा. तुकडा कापताना शटर एन्कोडरमधलं 'कट विदाउट री-एन्कोडिंग' वापरा, आणि गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. ते क्लिप पुन्हा दाबून पाठवतं, आणि माझ्याकडे पोचते ती क्लिप ठणठणीत बरी झालेली असते.